डडलीचा डंकन

इंग्लंडमधील डडली गावचा डंकन एडवर्ड्‌स शाळेत फुटबॉल खेळे, तसाच लोकनृत्यातही भाग घेई. एकदा राष्ट्रीय नृत्यमहोत्सव आणि शालेय फुटबॉल संघाची निवडचाचणी, अशा दोन संधी एकदम चालून आल्या; त्याने चाचणी पसंत केली. पुढे मँचेस्टर युनायटेडने त्याला घेतले. पण खेळाचा भरवसा काय, म्हणून त्याने सुतारकामाची उमेदवारीही धरली. त्या वयात हे शहाणपण दुर्मीळच! ४ एप्रिल १९५३ रोजी, अवघ्या सोळाव्या वर्षी, तो पहिला साखळी सामना खेळला. अठराव्या वर्षी इंग्लंडच्या संघात आला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकहून उड्डाण घेताना संघाच्या विमानाला अपघात झाला. पंधरा दिवस मृत्यूशी झुंजून एकविसाव्या वर्षी त्याची प्राणज्योत मालवली. डडलीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमधील रंगीत काचांवर खेळाडूच्या वेशातील त्याची प्रतिमा आहे.