पंडिता रमाबाई आणि पुण्याचा शेजार

या अंकातील चरित्रासाठी आम्ही पंडिता रमाबाईंची निवड केली आहे. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्यावर चार-दोन ओळी असतात. स्त्री-शिक्षणाच्या पुरस्कर्त्या, शारदा सदनच्या संस्थापिका, एवढे पाठ करून मुले परीक्षा देतात. परंतु ज्या शेजारात त्यांना काम करावे लागले, तो शेजार किती कठीण होता आणि त्याला त्यांनी कसे तोंड दिले, हे पुस्तकात येत नाही. आम्हाला तोच भाग सर्वात शिकण्यासारखा वाटतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या जंगलात झाला. जंगलात का, तर वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवायला घेतले होते आणि ते नातेवाइकांना व गावाला खपले नाही. म्हणजे शेजाऱ्यांचा रोष या मुलीच्या वाट्याला जन्माआधीच आला होता असे म्हणावे लागेल. आईनेच रमाबाईंना संस्कृत शिकवले. भागवतातील हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ होते. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत भारतभर पायी फिरले. १८७० च्या दशकातील दुष्काळाच्या काळात आई-वडील व थोरली बहीण एकामागून एक गेली. उरली ती रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. उपाशीपोटी चालत चालत ही भावंडे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वय अवघे वीस!

नंतरची दोन-तीन वर्षे झपाट्याने गेली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये कन्या मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. लहान मुलीला घेऊन रमाबाई पुण्यात आल्या. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. पुण्याने त्यांचे कौतुक केले ते या वेळी.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे असा हेतु होता. परंतु ऐकू कमी येत असल्याने तो तडीस गेला नाही. तेथे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधील आपले एक सेवागृह दाखवले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे प्रेमाने काळजी घेतली जात होती. हे प्रेम कोठून येते, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा त्यांना बायबलमधील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. यहुदी आणि शोमरोनी हे एकमेकांचे शेजारी, परंतु एकमेकांचा विटाळ मानणारे. अशा शोमरोनी बाईजवळ येशू विहिरीवर प्यायला पाणी मागतो. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या रमाबाईंना ही गोष्ट किती खोल लागली असेल, याची कल्पना आपण करू शकतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रमाबाई कोणाच्याही होला हो करणाऱ्या नव्हत्या. ख्रिस्ती झाल्यावरही इंग्लंडमधील धर्मगुरूंशी त्यांचे मतभेद झाले. शाकाहार आणि साधी पांढरी साडी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

अमेरिकेत भाषणे देऊन, पुस्तक लिहून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. बोस्टन येथे यासाठी एक मंडळ स्थापन झाले व त्याने दहा वर्षे खर्च उचलण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास हलले.

त्या वेळचे पुणे कसे होते? त्याच सुमारास पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांवरही प्रायश्चित्ताची पाळी आली होती. एक कप चहाने जेथे धर्म बुडत होता, तेथे एक ख्रिस्ती झालेली ब्राह्मण विधवा ब्राह्मण विधवांची शाळा चालवणार होती! सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते आणि ते रमाबाईंनी पाळले. मुलींनी आपापले सोवळे, उपास, पूजा करावी, कोणी आडकाठी करायची नाही. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे सल्लागार मंडळावर होती.

अडचण आली ती एका दारावरून. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचीत, प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. ही बातमी गावात गेली. दार लावून प्रार्थना करा, असा आग्रह झाला. रमाबाईंना तो मान्य नव्हता. मुलींना त्यांच्या पूजेची मोकळीक आहे, तशी मला माझ्या प्रार्थनेची असावी, आणि माझी मुलगी आत येते तशी दुसऱ्याची आली तर मी तिला हाकलणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. 'केसरी'ने सदनावर कडक टीका केली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी मंडळ सोडले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

आता पुण्याच्या लोकांची बाजूही पाहू, कारण आपण स्वतः पालक आहोत. आपली मुलगी शिकायला पाठवावी आणि तिने धर्मच बदलावा, ही भीती अगदीच निराधार नव्हती. १८९५ मध्ये सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला व पुन्हा गदारोळ उठला. सदनात मुलींवर जबरदस्ती होत असे, असे मात्र आम्हाला वाटत नाही. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिली. मार्च १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि पुढे कर्व्यांनी पुण्यातच विधवांसाठी आश्रम काढला. म्हणजे ज्या शाळेवर गाव रुसले होते, तेथील मुलगी त्याच गावाच्या उपयोगी पडली.

रमाबाईंनी काय केले? गाव सोडून त्या परत अमेरिकेस गेल्या नाहीत. खोलीचे दार लावून घेतले नाही. उरलेल्या मुलींना घेऊन शाळा चालू ठेवली व पहाटेच्या प्रार्थनेचा क्रम मोडला नाही. विश्वास दुखावेल असे बोलणे रोज कानी येत असता हे करणे सोपे नाही. ज्यांच्या घराशेजारी रोज कुरबूर असते त्यांना हे अधिक समजेल.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपल्या आजच्या मध्य प्रदेशाचा मोठा भाग त्यात येत होता. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. स्वतः भोगलेली उपासमार त्या विसरल्या नव्हत्या. शेकडो अनाथ मुली व स्त्रिया त्यांनी आपल्याबरोबर आणल्या. पण पुण्यात प्लेग सुरू झाला होता व नव्या मुली ठेवण्यास परवानगी मिळेना. तेव्हा पुणे-दौंड मार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. मुक्ती मिशनचा आरंभ असा झाला.

याच १८९७ साली आणखी एक गोष्ट घडली. प्लेगच्या बंदोबस्तात गोरे सोल्जर पुण्यात घरोघर शिरत होते व लोकांचे हाल होत होते. सदनातील एक मुलगी प्लेगच्या रुग्णालयात नेली गेली आणि तेथून हरवली. रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रातून सरकारी व्यवस्थेवर, तेथे स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर उघड टीका केली. मुंबईच्या गव्हर्नरांनी ती तक्रार खोटी ठरवली. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली. विचार करा, ख्रिस्ती बाईने ख्रिस्ती सरकारविरुद्ध लिहिले, आणि ज्या गावाने चार वर्षांपूर्वी तिची शाळा रिकामी केली होती त्याच गावातील बायाबापड्यांच्या बाजूने लिहिले. रमाबाईंच्या धर्मश्रद्धेची आम्हाला यापेक्षा मोठी साक्ष दिसत नाही.

केडगावचे काम वाढत गेले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथे दोन हजारांच्या आसपास स्त्रिया व मुले होती. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, अंधांसाठी शाळा, सर्व काही स्त्रियांच्या हातचे. १९१२ च्या सुमारास मनोरमाबाईंच्या देखरेखीखाली निजामच्या राज्यात गुलबर्गा येथेही मुलींची शाळा निघाली. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले.

शेवटच्या वर्षांत त्यांनी एकच काम धरून ठेवले होते. बायबलचे जुने मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातील बायकांना समजत नसे. म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. एकुलत्या एका मुलीचे दुःख गिळून आईने काम चालूच ठेवले व ते संपवूनच ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. १९२४ मध्ये ते बायबल मुक्तीच्या छापखान्यात छापून निघाले. खिळे जुळवण्यापासून पुढचे काम तेथील मुली-स्त्रियांनीच केले. विहिरीवर पाणी मागणाऱ्या येशूची आणि शोमरोनी बाईची गोष्टही त्यात आहे, दुष्काळातून आलेल्या मुलीला वाचता येईल अशा मराठीत.