आनंद कुमारस्वामी : वस्तूची नोंद आणि कारागिराची विद्या

संग्रहालयाच्या नोंदवहीत ‘माध्यम’ आणि ‘तंत्र’ हे रकाने असतात. त्यांचे मोल आनंद कुमारस्वामी (१८७७-१९४७) यांच्या चरित्रातून उमगते. कोलंबोत जन्मलेले हे भूशास्त्रज्ञ खनिजांच्या सर्वेक्षणासाठी सिलोनमध्ये हिंडले, तेव्हा तेथील हस्तव्यवसाय लोप पावताना त्यांनी पाहिले. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी धातू, लाख, हस्तिदंत यांवरील कामाच्या रीती कारागिरांच्या सिंहली संज्ञांसह नोंदवल्या. १९१७ पासून बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात राहून त्यांनी तेथील भारतीय संग्रहाची सूची सिद्ध केली. वस्तू टिकते, ती घडवणारा हात आणि त्याची भाषा मात्र लोपते. म्हणून नुसते ‘धातूची मूर्ती’ असे न लिहिता धातू कोणता, काम ओतीव की घडीव, हेही आपण नोंदवावे.