मोख्याच्या बाजारात शिकलेली अरबी

रमजानमध्ये तरावीहला उभे राहणाऱ्या आपल्या राजुऱ्यातल्या बहुतेकांची अरबी मदरशात अक्षरे गिरवून आलेली असते. कुराण वाचता येते, पण त्या भाषेत बाजारहाट करता येत नाही. मलिक अंबरचे उलट झाले. त्याला अरबी आधी बाजारात भेटली, आणि तीही स्वतः विकला जाताना.

१५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून तो तांबड्या समुद्रापलीकडे मोखा बंदरात पोहोचला. पुढे मालक बदलत गेले. असा माणूस भाषा कशी उचलतो, हे सास्तीच्या कोळसा खाणीवर परप्रांतातून आलेल्या मजुराला विचारावे. आधी हुकूम कळतात, मग आकडे, मग शिव्या, आणि गप्पा सर्वांत शेवटी. फरक इतकाच, की मजूर रात्री फोनवर आपल्या बोलीत घरच्यांशी बोलतो. चापूला ती सोय नव्हती.

बगदादच्या मीर कासिमने मात्र त्याला लिहायला-वाचायला शिकवले, हिशेब आणि कारभाराची ओळख करून दिली. त्याच्याकडेच चापूने इस्लाम स्वीकारला आणि अंबर झाला. अंबर म्हणजे एक सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी नावे देण्याची रीतच होती. नाव गोड, पण मालाला दिल्यासारखे.

तिथून तो दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतः पूर्वीचा हबशी गुलाम. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, काही काळ विजापूरकडे राहिला, आणि १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर उरलेली निजामशाही त्यानेच सावरली. दरबारात फारसी होती, खेड्यात मराठी. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत मराठी कारभाऱ्यांच्या हातांनीच चालली. शहाजीराजे भातवडीला १६२४ मध्ये त्याच्या बाजूने लढले. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, १६१० मध्ये त्याने वसवली आणि नहर खोदून तिथे पाणी आणले.

त्याच्या अरबीचे पुढे काय झाले? दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौतहून आलेल्या विद्वानांना त्याने आश्रय दिला. ज्या भाषेत त्याची बोली लागली होती, त्याच भाषेचे पंडित आता त्याच्या दारी येत होते. मला तर ही गोष्ट त्याच्या लढायांपेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडे १९५६पर्यंत राजुरा हैदराबाद राज्यात होते, म्हणून उर्दू कागद नवे नाहीत. पण तहसील, जिल्हा, महसूल, अर्ज, वकील हे शब्द मुळात अरबी आहेत, फारसीच्या वाटेने मराठीत आलेले. तहसील कचेरीत उभे राहून ते उच्चारताना कुणाला परके वाटत नाहीत.

१६१७ मध्ये पीटर व्हॅन डेन ब्रोके हा डच व्यापारी त्याला भेटला. तोवर अंबर पेशवा होता, सत्तरीकडे झुकलेला. तरीही मोख्यातल्या त्या विक्रीची हकीकत ब्रोकेने लिहून ठेवलीच. १६२६ मध्ये अंबर वारला. खुलताबादला त्याचा मकबरा आहे, आणि जवळच पत्नी करीमाचाही.