निवडुंगाच्या माळावरचा मालक

पाडवा जवळ आला की सिद्धेश्वरपासून औंढ्यापर्यंत पारावर एकच विषय असतो. यंदा कुणी सालगडी ठेवला, केवढ्याला ठेवला, आणि मागच्या सालचा का गेला. धरणात पाणी किती, पाटाची पाळी कधी, हळदीचा भाव काय, हे सगळं त्या दिवसांत मागं पडतं. तुम्ही गडी ठेवत असाल तर हे दुखणं तुम्हाला ठाऊक आहेच. उचल द्यायची, धान्य ठरवायचं, आणि ऐन हळद शिजवायच्या दिवसांत गडी दोन दिवस गावाला म्हणून जातो तो परत येतच नाही. ग्रामपंचायतीत तरी काय वेगळं आहे? शिपाई आहे, नळ सोडणारा आहे, पण सरपंच किंवा ग्रामसेवक समोर उभा असेल तेवढाच वेळ हात चालतात. मग आपण म्हणतो, माणसं बिघडली.

माणसं बिघडली की आपल्याला ती लावून घेता येत नाहीत, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने आपल्यापुरता सोडवून बघितला होता. त्याचं नाव तुमच्या विहिरीवरच्या मोटारीवर तुम्ही वाचलेलं असेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर. पण मोटारीवरचं नाव म्हणजे कंपनी, अशी आपली समजूत असते. त्यामागे एक हाडामांसाचा माणूस होता, आणि त्याचा पहिला गिऱ्हाईक तुमच्या-माझ्यासारखा कोरडवाहू शेतकरी होता, हे विसरायला होतं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत फार चमक नव्हती. ओढ दोनच गोष्टींची, चित्रं आणि यंत्रं. १८८५ मध्ये मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले, आणि तिथे कळलं की डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. रंगांचा धंदा तिथेच संपला. दुसरा कुणी गावी परतला असता. हे यंत्रांची रेखाटनं शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. मधल्या काळात सायकल हे नवं वाहन बघितलं, तर ती मुंबईहून पाठवायची आणि थोरले बंधू रामूअण्णांनी बेळगावात विकायची, असा भावाभावांचा धंदा १८८८ मध्ये सुरू केला. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव तेव्हापासूनचं.

संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चांगलं काम करून मान मिळाला नाही की पोटात काय होतं, हे या मालकाने आधी नोकर म्हणून चाखलेलं होतं. पुढे त्याच्या कारखान्यात जे घडलं त्याची मुळं मला तिथे दिसतात.

बेळगावात आधी कडबा कापायचं यंत्र केलं. मग लोखंडी नांगर, १९०३ साली. आता गंमत बघा. ज्या नांगराने हरळी-कुंद्याची मुळं खालून उपटून निघतात, त्या नांगराला शेतकरी हात लावीनात. लोखंडाने जमीन नासते, जमिनीत विष उतरतं, अशी समजूत. नांगर पडून राहिले. शेतकऱ्यांना पटवण्यात वर्षं गेली. आज हसू येतं, पण नवं बियाणं आलं की आपणही पहिल्या वर्षी शेजाऱ्याच्या शेताकडेच बघतो की नाही?

धंदा जरा उभा राहतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेने वस्तीच्या वाढीसाठी जागा सोडायला सांगितली. यंत्रं आहेत, माणसं आहेत, आणि पायाखालची जमीन गेली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. (हे औंध आपलं औंढा नव्हे. आपलं नागनाथाचं औंढा, ते सातारा जिल्ह्यातलं औंध. नावाने घोटाळा होतो म्हणून सांगितलं.) राजाने कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला आणि बिनव्याजी दहा हजार रुपये उसने दिले. माळ कसला, तर फड्या निवडुंग आणि नाग. पाण्याचे हाल. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव २५ कामगार आणि त्यांची बायकामुलं घेऊन तिथे उतरले.

इथे थांबून विचार करा. बेळगाव म्हणजे बाजाराचं शहर. तिथला मिस्त्री, तिथला सुतार बायकोपोरांसह सापांच्या माळावर का आला? नुसत्या पगारासाठी माणूस असा येत नाही, पगार बेळगावातही मिळाला असता. तो आला कारण मालक स्वतः आपलं बिऱ्हाड घेऊन त्याच माळावर येत होता. निवडुंग सगळ्यांनी मिळून तोडायचा होता आणि नाग सगळ्यांच्याच उशाला होते. आपण मात्र शेतावर गड्याची झोपडी घालतो, स्वतः गावात पक्क्या घरात झोपतो, आणि गडी रात्री राखणीला जागत नाही म्हणून तक्रार करतो.

त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. जमशेदपूरच्या पाठोपाठ देशात उभ्या राहिलेल्या कारखाना-वसाहतींत तिचं नाव घेतलं जातं. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे होता. घरं आधी, शोभा नंतर, असा हिशेब. हळूहळू शाळा आली, वाचनालय आलं, खेळ आले, नाटकं आली. अस्पृश्यता वाडीत पाळायची नाही हा नियम होता, आणि तो काळ १९१० नंतरचा आहे, हे ध्यानात घ्या. त्या वेळी गावोगावच्या पाणवठ्यांवर काय चालायचं ते घरातल्या म्हाताऱ्यांकडून तुम्ही ऐकलं असेल.

आता माणसांकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. लक्ष्मणरावांनी गोळा केलेली मंडळी कागदावर बघितली तर कुणी दारात उभी केली नसती. के. के. कुलकर्णी शाळेत अपयशी ठरलेले. त्यांच्याकडे बाहेरच्या भानगडी मिटवायचं, सरकारदरबारी आणि बाजारात निभावून न्यायचं काम आलं. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, ते कल्पक इंजिनियर झाले. मंगेशराव रेगे कारकून, व्यवस्थापक आणि हिशेबनीस हे सगळंच सांभाळत. शंभूराव जांभेकर यंत्रांत रमणारे, त्यांच्याकडे कारखान्यातली यंत्रं. पुस्तकात कमी पडलेल्या माणसाला कुठल्या कामात गोडी आहे ते आधी बघायचं आणि मग ते काम पूर्ण त्याच्या अंगावर टाकायचं, अशी ही रीत. आपल्याकडे उलटं असतं. जनावरांची नजर असलेल्या गड्याला आपण फवारणीला धाडतो आणि ज्याला मोटार-पंपाचा नाद आहे त्याच्या हातात वैरणीचा भारा देतो.

सगळ्यांत धाडसाची गोष्ट राखणीची. वाडीचे राखणदार म्हणून लक्ष्मणरावांनी तुकाराम आणि पिऱ्या अशा दोघांना ठेवलं. दोघेही दरोड्यात शिक्षा झालेले. ज्यांच्यापासून घर राखायचं त्यांच्याच हाती राखण दिली, आणि ती दोघांनी विश्वासाने निभावली. तुम्ही म्हणाल, नशीब. असेलही थोडं. पण ज्याच्यावर जन्मभर कुणी भरवसा टाकला नाही, त्याच्यावर टाकलेला भरवसा जड असतो, तो खाली ठेववत नाही. पुढे याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत झाली. त्या मुलखाच्या हवेतच काहीतरी असावं.

पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई पडली. नांगराचा खप आता वाढलेला आणि भट्टीला माल नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी तेव्हा पन्हाळ्याच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या असं सांगतात. तोफांचे नांगर झाले. १९२० मध्ये धंद्याची मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्यात काय चाललंय, कुठलं यंत्र कसं वापरायचं, हे कामगाराला, विक्रेत्याला आणि गिऱ्हाइकाला कळावं म्हणून निघालेला तो छोटा अंक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन मराठी घराघरांत गेला. ग्रामपंचायतीच्या मंडळींनी हे जरा मनावर घ्यावं. आपल्या शिपायाला वर्षाचा ठराव काय झाला, निधी किती आला, हे कधी कुणी सांगतं का? त्याला फक्त सतरंजी कुठे घालायची तेवढं सांगितलं जातं.

१९२६ मध्ये वाडीत पाण्याचा पंप तयार झाला. चरक, शेंगा फोडायचं यंत्र, पंप, असं शेतीचं एकेक काम कारखान्यात शिरत गेलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत इंजिनियर होऊन आला आणि व्याप वाढला.

सगळं गोडच होतं असं मात्र मी म्हणणार नाही. वाडी शेवटी मालकाची होती. काम, घर, शेजार सगळं एकाच छताखाली आलं की नोकरीबरोबर माणसाचं गावही मालकाच्या हातात जातं. चांगला मालक असेल तोवर ते सुखाचं, नसेल तर तोच फास. लक्ष्मणराव चांगले निघाले हे त्या कामगारांचं भाग्य, पण भाग्यावर सगळ्यांचं चालत नाही. म्हणून सालगड्याशी ठरलेलं कागदावर लिहून दोघांकडे एकेक प्रत असावी, असं मला वाटतं. भरवसा टाकायचाच, पण हिशेब उघडा ठेवून.

१९४८ च्या सुरुवातीला गांधीजींची हत्या झाली आणि पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांची जाळपोळ उसळली. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्यात पेटला. ३८ वर्षांची कमाई, आणि लक्ष्मणरावांचं वय ७८. त्या वयात माणूस देवाला हात जोडून बसतो. कारखाना पुन्हा उभा राहिला, पुन्हा नांगर-पंप बाहेर पडू लागले. इमारती जळाल्या तरी काम येणारे हात शिल्लक होते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. आपल्या पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वरची धरणं उभी राहिली ती त्यानंतरच्या वर्षांत, आणि कालव्याच्या कडेने पंप बसले ते त्याहून पुढे. कुंडल रोड स्टेशनाचं नाव केव्हाच किर्लोस्करवाडी झालंय. पुणे-मिरज मार्गावरून कधी कोल्हापूरच्या देवीला जाणं झालं तर खिडकीतून ती पाटी बघा. निवडुंग आता दिसणार नाही.