शनिवारची मीटिंग

श्रीरामपूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर नगर जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं गाव येईल. आज आपण जाणार आहोत ते श्रीरामपूर बंगालमधलं. कोलकात्याच्या थोडं वर, हुगळी नदीच्या काठावर. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तिथे डेन्मार्कचा झेंडा होता आणि इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा हुकूम तिथे चालत नव्हता. कंपनीला आपल्या मुलखात धर्मोपदेशक नको होते. उगाच लोक बिथरतील आणि धंदा बसेल, ही भीती. म्हणून १० जानेवारी १८०० रोजी एक इंग्रज माणूस बायको आणि चार मुलं घेऊन या डॅनिश गावात राहायला आला. त्याचं नाव विल्यम केरी. मराठीच्या छपाईचा इतिहास वाचताना हे नाव तुम्हाला भेटलं असेल. त्याचं मूळ काम मात्र वेगळं होतं: जिथे ख्रिस्ती मंडळी नाही तिथे ती उभी करायची, आणि ती आपल्यावाचूनही चालेल अशी करायची.

त्याचा बायोडेटा बघितलात तर कुणी इंटरव्ह्यूलाही बोलावलं नसतं. जन्म १७६१ चा, नॉर्थम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी या खेड्यातला. वडील आधी विणकर, मग गावच्या शाळेत मास्तर. केरी जोडे शिवायला शिकला. कॉलेज पाहिलंच नाही, पण लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा जमेल तशा, जमेल त्याच्याकडून आत्मसात केल्या. मोल्टन गावात तो एकाच वेळी तीन कामं करायचा: शाळा चालवायची, छोट्या बॅप्टिस्ट मंडळीचं पाळकपण करायचं आणि जोडे शिवायचे. तिन्हींचे पैसे एकत्र करूनही घर भागत नव्हतं. कॅप्टन कुकच्या सफरींची वर्णनं वाचून त्यानं हातानं जगाचा नकाशा तयार केला आणि भिंतीवर लावला. कुठल्या देशात किती लोक, त्यांचा धर्म कोणता, हे त्यावर लिहून ठेवायचा.

१७९२ मध्ये त्यानं एक छोटं पुस्तक छापलं. जगात इतरत्र जाऊन ख्रिस्ताचा संदेश सांगणं हे आपलं काम आहे की नाही, एवढाच त्याचा विषय. त्यात देशोदेशींच्या लोकसंख्येचे तक्तेही होते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंगमध्ये एका विधवेच्या घरात डझनभर माणसं जमली आणि बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. त्या रात्री जमलेली आश्वासनं होती १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. फंडिंग म्हणाल तर एवढंच!

आता गोष्टीतला तो भाग, जो अशा चरित्रांत बहुतेक वेळा दोन ओळींत उरकतात. केरीची बायको डोरोथी. लग्न झालं तेव्हा तिला सहीसुद्धा करता येत नव्हती. नवरा भारतात जायचं म्हणाला तेव्हा ती गरोदर होती. ती नाही म्हणाली. तिच्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता? केरी मोठ्या मुलाला, फेलिक्सला, घेऊन तिच्याविना निघालासुद्धा. पण परवाना नव्हता, शिवाय सोबतच्या डॉक्टर जॉन थॉमसच्या मागे देणेकरी लागले होते, म्हणून दोघांना जहाजावरून उतरवलं. या मोकळ्या वेळात पुन्हा घरी जाऊन मनधरणी झाली. बहीण बरोबर येणार असेल तर येते, या अटीवर डोरोथी तान्हं बाळ घेऊन निघाली. जून १७९३ मध्ये एका डॅनिश जहाजातून सगळे निघाले आणि नोव्हेंबरमध्ये कोलकात्याला उतरले.

पुढची सहा वर्षं म्हणजे नुसती ओढाताण. थॉमस हा प्रेमळ माणूस, पण पैशाच्या बाबतीत हाताला भोक. बरोबर आणलेले पैसे बघता बघता संपले. सुंदरबनात झोपडी, मग मालद्याजवळ मदनाबाटीला निळीच्या कारखान्यात मॅनेजरची नोकरी. तिथे १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर आमांशानं गेला. प्रेत उचलायला माणसं मिळेनात. त्यानंतर डोरोथीचं मन ढळलं ते पुन्हा सावरलंच नाही. नवऱ्यावर नाही नाही ते संशय घ्यायची, अंगावर धावून जायची. शेवटी तिला खोलीत कोंडून ठेवावं लागे. आज ज्याला आपण मानसिक आजार म्हणतो आणि ज्यावर उपचार आहेत, त्याला तेव्हा औषध नव्हतं. १८०७ मध्ये ती गेली. शेजारच्या खोलीत ती ओरडत असताना केरी इकडे भाषांतर करायचा, हे त्याची थोरवी म्हणून सांगितलं जातं. मला ते वाचताना थोरवी दिसत नाही. दिसते ती एका बाईची फरफट, जिनं ही मोहीम कधी निवडलीच नव्हती.

मदनाबाटीत केरी बंगाली शिकला, रामराम बसू या मुन्शीच्या मदतीनं बायबलचं भाषांतर करत राहिला, खेडोपाडी बोलत हिंडला. या सगळ्या वर्षांत एकाही बंगाली माणसानं बाप्तिस्मा घेतला नाही. एकाही नाही.

श्रीरामपूरला चित्र बदललं, कारण टीम मिळाली. जोशुआ मार्शमन हा ब्रिस्टलचा शिक्षक, हट्टी आणि कामाला वाघ. विल्यम वॉर्ड छपाईतला माणूस, वर्तमानपत्राचा संपादक राहिलेला, स्वभावानं शांत. आणि हॅना मार्शमन. तिनं आणि नवऱ्यानं चालवलेल्या शाळांच्या फीवर मिशनचा बराच खर्च निघायचा, आणि आईविना वाढल्यासारख्या केरीच्या मुलांकडे लक्ष दिलं ते तिनं आणि वॉर्डनं. कौतुक होतं तिघा पुरुषांचं. हॅनाचं नाव आपण आवर्जून घ्यायला हवं.

सगळी कुटुंबं एकाच आवारात, एकाच टेबलावर जेवणारी. दिवस कसा जायचा ते वॉर्डच्या नोंदींतून कळतं. सहाला उठायचं. केरी थेट बागेत, मार्शमन सातला शाळेत, वॉर्ड छापखान्यात. आठला घंटा, प्रार्थना, मग न्याहारी. नंतर केरी भाषांतराला किंवा प्रुफांना बसायचा. तीनला जेवण, आणि जेवणानंतर बायबलमधल्या एखाद्या वचनावर सगळ्यांची चर्चा. सातला चहा, रात्रीचं जेवण जवळपास नाहीच. घरची व्यवस्था दर महिन्याला आळीपाळीनं एकेकाकडे. केरीकडे खजिना आणि औषधांची पेटी. कुणीही स्वतःसाठी धंदा करायचा नाही; जे मिळेल ते सामायिक पेटीत.

आणि शनिवारची संध्याकाळ राखून ठेवलेली असायची ती आठवडाभरातली भांडणं मिटवण्यासाठी. हे वाचून मी थांबलोच. तुमच्या फेस्टिव्हल कमिटीत, नाटकाच्या ग्रुपमध्ये काय होतं? एकाला दुसऱ्याचं काही खटकतं, तो तिसऱ्याला सांगतो, मग वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप होतो आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी स्फोट. इथे सहा-सात बिऱ्हाडांची माणसं एका छताखाली, परका उन्हाळा, आल्या आल्या मरणं सुरू. ग्रँट, फाउंटन, ब्रन्सडन आणि थॉमस असे चार सहकारी दोन वर्षांत गेले. अशा ठिकाणी रुसवेफुगवे होणारच, हे गृहीत धरून त्यांनी त्याला आठवड्यात एक जागा दिली. भांडण झालंच नाही असं सोंग कुणी आणायचं नाही.

१८०० च्या अखेरीस कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. डॉक्टर थॉमसनं तो बसवला, आणि त्या ओळखीतून पुढे सगळं घडलं. कृष्ण मिशनरींबरोबर जेवला तेव्हाच गावात गलका झाला, घराभोवती जमाव गोळा झाला. जात गेली, एवढाच त्याचा अर्थ होता. २८ डिसेंबरला हुगळीत फेलिक्सबरोबर त्याचा बाप्तिस्मा झाला. इतकी वर्षं वाट पाहिलेला थॉमस त्या आनंदात वेडापिसा झाला, त्यालाही बांधून ठेवावं लागलं.

खरी परीक्षा त्यानंतरची. मंडळीत हळूहळू ब्राह्मण आले, कायस्थ आले, मुसलमान आले. आता पंगत एक की वेगळी? प्रभुभोजनाचा प्याला एक की वेगवेगळा? दक्षिणेतल्या जुन्या मिशनांनी जातीशी जुळवून घेतलं होतं, त्यामुळे माणसं जास्त यायची. केरीच्या टीमनं ठरवलं की प्याला एकच. आकडा लहान राहिला तरी चालेल. १८०३ मध्ये कृष्ण पालच्या मुलीचं लग्न मंडळीतल्याच कृष्णप्रसाद या जन्मानं ब्राह्मण असलेल्या तरुणाशी लागलं. त्याच वर्षी गोकुळ हा मंडळीतला शूद्र जातीचा माणूस वारला. आधी भाडोत्री माणसं प्रेत उचलायची. या वेळी मार्शमन, फेलिक्स, एक पूर्वीचा ब्राह्मण आणि एक पूर्वीचा मुसलमान यांनी ती शवपेटी खांद्यावर घेतली. रस्त्यावरचे लोक बघतच राहिले. फुले आणि सावित्रीबाई तेव्हा जन्मालाही आले नव्हते, हे लक्षात घ्या.

१८०५ मध्ये त्यांनी आपापसात एक करार लिहून काढला आणि तो वर्षातून तीनदा प्रत्येक ठाण्यावर वाचायचा असं ठरवलं. त्यातली मला मोलाची वाटणारी गोष्ट ही, की मंडळीचे पाळक इथलेच असावेत, परक्या माणसानं दुरून लक्ष ठेवावं आणि पुढच्या गावी जावं.

याच काळात केरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत होता. आधी बंगाली, मग संस्कृत आणि मराठीही. पगार पाचशे रुपये, पुढे हजार. सगळा सामायिक पेटीत. आपला संबंध येतो तो इथे. वैजनाथ पंडितांच्या मदतीनं त्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मोडी लिपीतला मराठी-इंग्रजी कोश आणला. महाराष्ट्रात पाऊल न टाकलेल्या माणसाचं हे काम. भाषांतरं मात्र कच्ची होती. मुंबईच्या अमेरिकन मिशनरींना मराठी नवा करार पुन्हा करावा लागला. इतक्या भाषा एकदम हाती घेतल्या की असं होतंच.

११ मार्च १८१२ ला छापखान्याला आग लागली. कागद, टाइप, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं, सगळी राख. केरी कोलकात्यात होता. परतल्यावर त्यानं राखेतून चालत सगळं पाहिलं. यंत्रं वाचली होती, टाइपाचे साचेही सापडले. वितळलेलं शिसं पुन्हा ओतून काही आठवड्यांत छपाई सुरू झाली आणि केरी तीच भाषांतरं पहिल्यापासून करायला बसला.

आगीनं जे केलं नाही ते हिशेबानं केलं. लंडनमधला सेक्रेटरी अँड्र्यू फुलर १८१५ मध्ये गेला. तो होता तोवर सगळं विश्वासावर चाललं होतं. नव्या समितीनं विचारलं, श्रीरामपूरची मालमत्ता नेमकी कुणाच्या नावावर? नव्यानं आलेल्या तरुणांना म्हाताऱ्यांचा कारभार मनमानी वाटला. त्यांत केरीचा सख्खा पुतण्याही होता. त्यांनी कोलकात्यात वेगळी चूल मांडली. शेवटी १८२७ मध्ये श्रीरामपूर आणि सोसायटी वेगळी झाली. माझ्या मते दोष दोन्हीकडे होता. आपसातली भांडणं दर शनिवारी मिटवणाऱ्या या तिघांनी लंडनसाठी आणि नव्या पोरांसाठी तसा शनिवार कधी ठेवलाच नाही.

केरी ९ जून १८३४ ला श्रीरामपुरातच वारला. चाळीस वर्षांत तो एकदाही इंग्लंडला गेला नव्हता. मृत्युपत्रात त्यानं शिंपले, खनिजं, कीटक यांचा आपला संग्रह श्रीरामपूर कॉलेजला दिला. मुलगा जेबेझ याला द्यायला रोख काही नव्हतं, म्हणून पुस्तकं विकून येतील त्यातून दीड हजार रुपये त्याला द्यावेत, असं लिहून ठेवलं.