विश्लेषण : शिकारी पक्ष्यांसाठी डोंगर राखणाऱ्या रोझली एज कोण होत्या?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॉक माउंटनवर १९३४ पूर्वी लोक बंदुका घेऊन जात. आज ते दुर्बिणी घेऊन जातात. हा बदल घडवला रोझली एज यांनी.

पक्ष्यांकडे त्या कशा वळल्या?

एज यांचा जन्म १८७७ चा, न्यूयॉर्कचा. त्या आधी महिलांच्या मताधिकाराच्या चळवळीत होत्या. पक्षीनिरीक्षणाचा छंद त्यांना चाळिशीनंतर लागला. १९२९ मध्ये त्यांच्या हाती एक पत्रक आले. पक्षीरक्षक संस्थाच धोक्यातील पक्ष्यांकडे दुर्लक्ष करत आहेत, असा त्यात आरोप होता. एज यांनी बलाढ्य ऑडुबॉन संस्थेच्या सभेत उभे राहून जाब विचारला. संस्थेच्या अभयारण्यात फरसाठी प्राणी पकडले जात होते, तेही त्यांनी चव्हाट्यावर आणले. सदस्यांची यादी मिळवण्यासाठी त्या कोर्टातही गेल्या.

हॉक माउंटनवर काय घडत होते?

वारा डोंगराला धडकून वर चढतो. त्यावर तरंगत स्थलांतर करणारे शिकारी पक्षी इथे अगदी जवळून जातात, त्यामुळे ते सोपे लक्ष्य ठरत. कोंबड्या आणि शिकारीचे पक्षी खाणारे शत्रू म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाई. गॉसहॉक मारल्यास सरकार ५ डॉलर इनाम देई. रिचर्ड पॉ यांनी टिपलेली मृत पक्ष्यांच्या रांगांची छायाचित्रे पाहून एज हादरल्या. इतर कोणी पुढे येईना, तेव्हा १९३४ मध्ये त्यांनीच सुमारे १,४०० एकर डोंगर भाड्याने घेतला. राखणीला मॉरिस आणि अर्मा ब्राउन हे दाम्पत्य नेमले. गोळीबार थांबला. पुढे ही जमीन विकत घेऊन कायमचे अभयारण्य झाले. शिकारी पक्ष्यांसाठीचे जगातील हे पहिले अभयारण्य मानले जाते.

मोजणीचा उपयोग काय झाला?

मॉरिस ब्राउन यांनी १९३४ पासूनच पक्ष्यांची मोजणी ठेवली. १९३५ ते १९३९ दरम्यान दिसलेल्या गरुडांत ४० टक्के पिल्लावस्थेतील होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते २० टक्क्यांवर आले. म्हणजे गरुड दिसत होते, पण नवी पिढी घटत होती. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये कीटकनाशकांविरुद्ध हाच पुरावा मांडला. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी घातली.

ती बंदी पाहायला एज नव्हत्या. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच्या काही आठवडे आधी ऑडुबॉनच्या सभेत सदस्यांनी उभे राहून त्यांना मानवंदना दिली होती.

आपल्याशी संबंध काय?

भारतातील गिधाडांची घट बीएनएचएसच्या संशोधकांना भरतपूरमध्ये अशाच जुन्या-नव्या मोजणीच्या तुलनेतून उमगली. पुढे कारण सापडले आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पक्षी वाचवायचा तर आधी तो किती उरला, हे ठाऊक हवे.