बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (१९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू व दलित समाजातील सार्वजनिक कार्यकर्ते होते. डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज म्हणून त्यांनी हिंदू संघाकडून दीर्घकाळ खेळ केला. आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ भारतीय गोलंदाजांत गणना होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही देण्यात आले नाही.

प्रारंभिक जीवन

बाळू यांचा जन्म चर्मकार कुटुंबात झाला. पालवण या मूळ गावावरून घराण्याला पालवणकर हे आडनाव मिळाले. वडील लष्करी नोकरीत असल्याने त्यांचे बालपण पुण्यात गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. गणपत व विठ्ठल हे त्यांचे आणखी दोन बंधूही पुढे नामवंत खेळाडू झाले.

मैदानावरील नोकरी

बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्रिकेट मंडळात होती. मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरवणे या कामाचे त्यांना दरमहा तीन रुपये मिळत. सभासदांच्या सरावासाठी अधूनमधून गोलंदाजीही करावी लागे. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये चार रुपयांवर रुजू झाले. तेथे जे. जी. ग्रेग हे नामांकित फलंदाज इतरांच्या आधी येऊन त्यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास ग्रेग दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. या वर्षांत बाळू यांनी असंख्य चेंडू टाकले, परंतु त्यांच्या हाती बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा अधिकार मानला जाई. त्यांच्या गोलंदाजीतील अचूकता याच पगारी सरावातून आली.

पुण्यातील हिंदू मंडळाला युरोपियनांविरुद्ध जिंकण्यासाठी त्यांची गरज होती. त्यांना संघात घेण्यावरून सभासदांत मतभेद झाला व अखेरीस त्यांचा समावेश करण्यात आला. हा समावेश सीमारेषेच्या आतपुरताच होता. चहापानाच्या वेळी इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, तर बाळू यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई व ते भांडे नंतर टाकून दिले जाई. जेवणासाठी त्यांचे ताट व मेजही वेगळे असे. ज्या चेंडूला त्यांचा हात लागे, तोच चेंडू सवर्ण सहकारी निःसंकोच झेलत, ही विसंगती त्या काळातही काहींच्या लक्षात आली होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळू यांचा जाहीर गौरव केला आणि एकत्र खेळणाऱ्यांनी एकत्र खाण्यापिण्यास हरकत घेऊ नये, अशी भूमिका मांडली.

मुंबईतील कारकीर्द

पुण्यातील प्लेगनंतर बाळू मुंबईस आले व परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. येथेही प्रारंभी काही सभासदांनी आक्षेप घेतला, तथापि पुण्याच्या तुलनेत सहभोजनाची बंधने लवकर सैल झाली. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांनी नोकरी केली व रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळले.

१९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. या सामन्यात बाळू यांनी आठ बळी घेतले. १९११ मध्ये पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात ते होते. संघाची एकूण कामगिरी निराशाजनक ठरली. बाळू यांनी मात्र १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी मिळवले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत.

कर्णधारपदाचा वाद

अनुभव व कामगिरी पाहता कर्णधारपदावर बाळू यांचाच हक्क होता, असे मानणाऱ्यांत स्वतः कर्णधार एम. डी. पै हेही होते. आपली निवड झाल्यावर हा मान बाळू यांना मिळावयास हवा होता, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. निवड समितीचे धोरण मात्र बदलले नाही. १९२० साली पै आजारी असताना दि. ब. देवधर यांच्याकडे नेतृत्व सोपवण्यात आले आणि बाळू यांना संघातून वगळण्यात आले. विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून माघार घेतली व जातीच्या कारणाने डावलले जात असल्याचे वृत्तपत्रांतून जाहीर केले. सामन्याला न खेळण्याचा अर्थ स्वतःची संधी घालवणे असा होता, हे लक्षात घेता त्यांचा हा निर्णय धाडसी होता. अंतिम सामन्यात बंधू परतले. बाळू उपकर्णधार झाले व पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघ त्यांनीच हाताळला. त्या वेळी ते चव्वेचाळीस वर्षांचे होते.

१९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले व हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले.

सार्वजनिक जीवन

तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बाळू यांच्याविषयी मोठा आदर होता. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. १९३२ च्या पुणे करारावर बाळू यांची स्वाक्षरी आहे. धर्मांतराच्या घोषणेला त्यांनी विरोध केला. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. त्यात त्यांचा पराभव झाला.

मुंबईत प्रभादेवी येथील एका रस्त्याला 'पी. बाळू मार्ग' असे नाव आहे.